जुनी पिकअप ऑफ-रोड प्रवासासाठी आणि कॅम्पिंगसाठी कशी बांधावी: आधी वजन, मग बाकी सगळं

जुनी पिकअप हातात आली की पहिला मोह होतो तो दिसणाऱ्या गोष्टींचा. पुढे जाडजूड लोखंडी बंपर, छतावर तंबू, वर दिव्यांची रांग. या लेखातला क्रम उलटा आहे. आधी गाडीची प्रकृती, मग कागदावर वजनाचा हिशेब, मग टायर, मग रुतलेली गाडी बाहेर काढायचं साहित्य, त्यानंतर हौद्यातली मुक्कामाची सोय आणि वीज. सस्पेन्शन, म्हणजे पाटे, स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर, सगळ्यात शेवटी. बहुतेक जण ते सुरुवातीलाच बदलतात. ते शेवटी का ठेवायचं, ते पुढे येईलच.

या क्रमामागचं कारण एकच. पिकअपची ओझं वाहण्याची मर्यादा कारखान्यातच ठरलेली असते आणि तुम्ही बसवलेली प्रत्येक वस्तू त्यातूनच खाते. जड गाडी वाळूत लवकर रुतते, उतारावर उशिरा थांबते, डिझेल जास्त पिते आणि चेसिसला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, तडे पाडते. त्यामुळे प्रत्येक वस्तूला आधी एकच प्रश्न विचारायचा: तुझं वजन किती, आणि तू बसणार कुठे?

घेण्याआधीची तपासणी

रंग, सीट आणि डॅशबोर्ड यांच्याकडे शेवटी बघा. सुरुवात चेसिसपासून करा. गाडी रॅम्पवर चढवा, हातात छोटी हातोडी घ्या आणि मागच्या चाकांच्या आसपास चेसिसवर ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजतं. गंजाने आतून पोखरलेली जागा बद्द आवाज देते आणि कधीकधी पापुद्राच सुटून हातात येतो. पाट्यांचे (मागच्या पट्टीच्या स्प्रिंगचे) हँगर आणि शॅकल, म्हणजे त्यांना चेसिसला जोडणारे दुवे, हौद्याचे बोल्ट जिथे चेसिसला बसतात त्या जागा, आणि केबिनच्या मागचा भाग नीट बघा. खालून सगळीकडे नुकताच जाड काळा थर मारलेला असेल तर तो गंज झाकण्यासाठी मारला आहे असं समजूनच तपासा.

मग गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूने पाहा. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वर-खाली सारखी असायला हवी. वर रुंद आणि खाली अरुंद असेल, तर कधीतरी मागे अतोनात माल लादून चेसिस केबिनच्या मागे वाकवलेली असण्याची शक्यता मोठी. अशी गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडा.

इंजिन थंड असताना चालू करून बघा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवलेलं नाही ना, हे बोनेटवर हात ठेवून कळतं. डिझेल इंजिनाचा काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा आत शिरणारं कूलंट. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या रंगाचा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असल्याचा संशय घ्या.

फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा) तपासायला मातीचा किंवा खडीचा पट्टा शोधा. फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) घाला, थोडं चालवा. मग थांबून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) घाला आणि चढावर हळू चढवा. गिअर निसटतोय का, खालून टकटक येते का, याकडे कान द्या. कोरड्या डांबरावर ही चाचणी करू नका. साध्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. टायरला घसरायला जागा मिळाली नाही की सगळा पीळ गिअरांवर येतो.

पायाभूत दुरुस्ती

गाडी घेतल्यावर सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी), दोन्ही डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधली, डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी). डिफरन्शियलच्या ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटाने चोळून बघा. बारीक राखाडी लेप असणं नेहमीचंच; धातूचे कण टोचले तर दाते किंवा बेअरिंग खराब झालंय. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ब्रेक, चाकांची बेअरिंगं, रबरी बुश, सीव्ही जॉइंटचे (पुढच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या सांध्यांचे) बूट, रेडिएटरचे होज आणि पट्टे हे सगळं याच टप्प्यात उरका. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद सापडत नसेल तर बदलूनच टाका.

इथेच एक अगदी हलकी सुधारणा करून घ्या. डिफरन्शियलच्या वर एक छोटी श्वासनळी, म्हणजे ब्रीदर असतो. गाडी चालून डिफरन्शियल गरम झालेलं असतं आणि तुम्ही थंड ओढ्यात उतरता. आतली हवा झटकन आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या फटीतून पाणी आत ओढलं जातं. उपाय सोपा आहे: ब्रीदरला ऑइलला टिकणारी नळी जोडायची, ती चेसिसच्या कडेने नेऊन इंजिनच्या खणात उंच बांधायची आणि टोकाला छोटा फिल्टर लावायचा. नळी ॲक्सलबरोबर खाली-वर होते, म्हणून मागे थोडा ढील ठेवा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचंही असंच करा. मोठ्या सुधारणांच्या यादीत हे काम शोधूनही सापडत नाही, आणि मला मात्र ते पहिल्या तिनात ठेवावंसं वाटतं.

वजनाची वही

गाडीच्या कागदपत्रांत किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीचं कमाल वजन दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरते ती तुमची मर्यादा. समजा कमाल वजन २९०० किलो आणि रिकामी गाडी १९५० किलो. तुमच्याकडे ९५० किलो आहेत. ऐकायला भरपूर वाटतात. आता वहीत लिहा: दोन माणसं १५०, हौद्यावरची कॅनोपी (बंद टप) ९०, ड्रॉवर आणि झोपायचा फळा ८०, छतावरचा तंबू ६५, लोखंडी बंपर आणि विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) ९५, दुसरी बॅटरी आणि वायरिंग २०, भरलेला फ्रिज ४०, पाणी ५०, जादा डिझेलचा कॅन २०, हत्यारं आणि गाडी ओढायचं साहित्य ५०, अंथरुण-कपडे-भांडी-किराणा ८०, दुसरी स्टेपनी ३५. बेरीज ७७५. उरले १७५, आणि मागच्या सीटवर अजून कुणी बसलेलं नाही.

निम्मं काम बेरजेने होतं. उरलेलं निम्मं वजन कुठे बसलंय यावर आहे. समजा दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर आहे आणि १०० किलोचं सामान तुम्ही मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागे टांगलं. मागच्या ॲक्सलवर भार वाढतो सुमारे १३३ किलोंनी, आणि पुढच्या ॲक्सलवरून सुमारे ३३ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलकं होतं, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि केबिनच्या मागे चेसिस सतत वाकत राहते. म्हणून पाणी, बॅटरी, हत्यारं ही जड मंडळी हौद्याच्या तळाशी, केबिनला चिकटून ठेवायची. मागच्या दाराकडे फक्त अंथरुण, कपडे आणि हलक्या पेट्या.

छताची मर्यादा वेगळी असते आणि चालत्या गाडीसाठी ती उभ्या गाडीपेक्षा बरीच कमी असते. तंबूत दोन माणसं झोपू शकतात म्हणून चालत्या गाडीच्या छतावर तेवढं वजन चालेल, असा अर्थ काढू नका. कॅनोपी आणि कॅरियर या दोघांचे आकडे वेगवेगळे तपासा आणि त्यातला लहान आकडा धरा.

पत्रा कापण्याआधी किंवा वेल्डिंग लावण्याआधी आणखी एक काम. तुम्ही राहता तिथल्या वाहन नोंदणीच्या नियमांत हे बदल बसतात का आणि विमा कंपनीला काय कळवावं लागतं, हे लेखी विचारून घ्या.

टायर आणि हवा

सगळा खर्च एकाच गोष्टीवर करायची वेळ आली तर तो टायरवर करा. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे टायर बहुतेकांना पुरतात. मड-टेरेन चिखलात उत्तम, पण ओल्या डांबरावर पकड कमी आणि आवाज जास्त. टायरचा भार-निर्देशांक (तो किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. बाजूची भिंत जाड असलेले, हलक्या ट्रकसाठी बनवलेले टायर खडकांवर जास्त टिकतात.

आकाराचा मोह आवरा. २६५/७० आर १६ टायरचा व्यास सुमारे ७७७ मिमी, २६५/७५ आर १६ चा सुमारे ८०४. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढ. ॲक्सलखालची उंची मात्र व्यासाच्या फरकाच्या निम्मीच वाढते, साधारण १३ मिमी. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२ ने जात असेल. एवढी वाढ बऱ्याच पिकअपमध्ये फारशी काटछाट न करता बसते, तरी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर घासत नाही ना ते बघा. त्याहून मोठं चाक लावलं की गिअर जड पडतात, ब्रेकवर ताण येतो आणि कामांची साखळी सुरू होते.

टायरची खरी ताकद हवा कमी करण्यात आहे. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग लांब होतो आणि भार पसरतो. डांबरावर ३६ पीएसआय चालत असाल तर खडीच्या रस्त्यावर २६ ते २८, खडकाळ चढावर २० ते २२ आणि मऊ वाळूत १५ ते १८ पासून सुरुवात करा. मागे जास्त भार असेल तर मागच्या टायरमध्ये थोडी जास्त ठेवा. हवा जितकी कमी, वेग तितका कमी. वाळूतल्या हवेवर झटक्याने वळण घेतलं तर टायर रिमवरून सुटू शकतो, आणि त्याच हवेवर डांबरावर पळवलं तर भिंत तापून फाटते. म्हणून चांगला मीटर आणि बॅटरीला थेट जोडायचा दमदार कॉम्प्रेसर ही चैन नव्हे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप चार मोठे टायर भरेपर्यंत तापून बंद पडतो.

रुतलेली गाडी बाहेर काढणं

माणसांचा जीव जातो तो याच कामात, म्हणून इथे काटकसर नको. पुढे आणि मागे चेसिसला बोल्टने बसवलेले, भारक्षमता कोरलेले ओढ-हूक हवेतच. गाडी जहाजावर किंवा ट्रेलरवर बांधण्यासाठी कारखान्याने दिलेल्या पातळ कड्या ओढायला नसतात. ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला पट्टा कधीही अडकवू नका. ताणाखाली गोळा तुटला की तो मागच्या गाडीची काच फोडून आत जातो, आणि अशाने माणसं दगावलेली आहेत.

साहित्य मोजकंच ठेवा: लांब दांड्याचं फावडं, वाळूत चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या दोन फळ्या, ताणला जाणारा कायनेटिक दोर, दोन सॉफ्ट शॅकल (दोर हुकाला जोडणारे दोरीचेच फास), जाड हातमोजे, आणि जॅकखाली ठेवायला रुंद फळी. कायनेटिक दोर गाडीने गाडी ओढायला असतो. विंचिंगला तो वापरायचा नाही, कारण त्यात साठलेली ताकद सुटली तर आवरत नाही.

गाडी रुतली की क्रम असा ठेवा. आधी ॲक्सलेटर सोडा. चाक फिरवत राहिलात तर ते स्वतःचा खड्डा खणतं. मग हवा कमी करा. मग चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू उपसा. मग फळ्या घाला. एवढ्याने बहुतेक वेळा गाडी निघते. दोर जोडायची वेळ आलीच, तर बाकी माणसं दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभी करा आणि दोरावर जड जाकीट किंवा पोतं टाका.

विंच घ्यायचाच असेल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्या. ३००० किलोच्या गाडीला ४५०० किलोचा. कोरलेली क्षमता ड्रमवरच्या सगळ्यात आतल्या थरावरची असते, दोराचे थर वाढले की ओढ कमी होते. पोलादी तारेऐवजी सिंथेटिक दोर घेतला तर पुढचं कितीतरी वजन वाचतं. एकट्याने फिरणार नसाल तर विंचची खरेदी पुढे ढकला.

डिफ-लॉकबद्दल थोडक्यात. साध्या डिफरन्शियलमध्ये हवेत उचललेलं चाक गरगर फिरतं आणि जमिनीवरचं गप्प राहतं. लॉकर दोन्ही चाकं जखडतो. मागचा लॉकर खडकाळ वाटांवर फार मोठा फरक पाडतो. मात्र तो टायर आणि रिकव्हरी साहित्यानंतर.

हौद्यात झोपायची सोय

आधी टेप घेऊन माप घ्या. डबल केबिन पिकअपचा हौदा साधारण दीड मीटर लांब असतो. त्यात सरळ झोपता येत नाही. मागचं दार उघडून त्यावर घडीचा फळा टेकवावा लागतो किंवा छतावर तंबू घ्यावा लागतो. सिंगल केबिनच्या हौद्यात आरामात पाय पसरता येतात. दोन माणसांनाच फिरायचं असेल तर मी सिंगल किंवा दीड केबिनच सुचवेन: वजन खाली राहतं आणि वाऱ्या-पावसात मुक्काम शांत होतो.

उंचीचा हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. केबिनच्या उंचीची कॅनोपी असेल तर हौद्याच्या तळापासून छतापर्यंत साधारण ९० सेंटिमीटर मिळतात. बसलेल्या माणसाला जवळजवळ तेवढेच लागतात. खाली ३० सेंटिमीटरचे ड्रॉवर केले आणि वर गादी टाकली की फक्त आडवं पडण्यापुरती जागा उरते आणि कपडे बदलणंही जिकिरीचं होतं. त्यापेक्षा एका बाजूला अरुंद, पूर्ण लांबीचा एकच ड्रॉवर करा आणि दुसऱ्या बाजूला तळाजवळ गादी ठेवा. दोघांना झोपायचं असेल तर केबिनपेक्षा उंच कॅनोपी निवडा.

फळ्यासाठी १२ मिमीचा पाणीरोधक प्लाय, खाली ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांची चौकट. कापलेल्या प्रत्येक कडेला वार्निशचे दोन हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. चौकट हौद्याला आरपार बोल्टने बसवा आणि खालून रुंद पट्टी द्या, नुसत्या स्क्रूवर भरवसा नको. भोक पाडलं की उघडा पडलेला पत्रा लगेच प्राइमरने झाका. पाणी एका मोठ्या टाकीत भरण्यापेक्षा १० लिटरच्या चार-पाच कॅनमध्ये भरा. एक फुटला तरी बाकी शाबूत राहतात आणि डचमळ कमी होते. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ४ ते ५ लिटर धरा.

बंद कॅनोपीत शेगडी किंवा कोळसा पेटवायचा नाही, थंडीने कुडकुडत असलात तरीही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला जाग येत नाही. कॅनोपीत त्याचा अलार्म लावाच. गॅसचा सिलिंडर आत ठेवणार असाल तर तो बंद कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारं भोक हवं. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती खाली साठते. रात्रीच्या श्वासाने छताला दव धरतं, म्हणून समोरासमोर दोन झडपा थोड्या उघड्या ठेवा. अग्निशामक नळकांडं हात पोचेल अशा जागी, सामानाखाली नव्हे.

वीज

इंजिनची बॅटरी फक्त इंजिनसाठी राखा. फ्रिज आणि दिवे दुसऱ्या बॅटरीवर चालवा. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज गरम हवेत दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास खातो; १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी दोन दिवस निभावते. ती बोनेटखाली बसवू नका, तिथली उष्णता तिचं आयुष्य खाते. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं, हेही लक्षात ठेवा. चार्जिंगसाठी डीसी-डीसी चार्जर (चालत्या गाडीच्या विजेतून दुसरी बॅटरी योग्य व्होल्टेजने भरणारं यंत्र) घ्या, कारण नव्या गाड्यांचे अल्टरनेटर व्होल्टेज खाली-वर करतात आणि साध्या रिलेने बॅटरी अर्धवटच भरते.

वायर जाड घ्या. बॅटऱ्यांमध्ये ५ मीटर अंतर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं होतं. त्यातून ३० अँपिअर गेले तर ६ चौरस मिमीच्या वायरमध्ये सुमारे ०.९ व्होल्ट गळतात, १६ चौरस मिमीच्या वायरमध्ये ०.३३. आणि वायरच्या दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीच्या अगदी जवळ, फ्यूज हवाच. मधेच वायर पत्र्यावर घासून उघडी पडली तर दोन्ही बाजूंनी करंट येतो आणि आग लागते. म्हणून पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट आणि बाकी सगळीकडे पन्हळी नळी.

आता सस्पेन्शन

सगळं बसवून झालं, पाणी-डिझेल भरलं, माणसं बसली, की गाडी वजनकाट्यावर न्या. पुढचा ॲक्सल आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा तोला. पाटे आणि स्प्रिंग निवडायचे ते या आकड्यांवरून. आधीच जाड पाटे घातले आणि गाडी हलकी राहिली तर ती खडकावर उड्या मारते; पाटे कमी पडले तर मागून बसते. ४० ते ५० मिमी उंची पुरे. त्यापुढे पुढच्या सीव्ही जॉइंटचे कोन बिघडतात, चाकांची अलाइनमेंट मर्यादेत बसत नाही आणि ब्रेकचे होज ताणले जातात. मागे भार जास्त म्हणून पाट्यांमध्ये हवेच्या पिशव्या घालण्याचा सोपा उपाय टाळा. गाडी दिसायला सरळ होते, पण भार चेसिसवर एकाच बिंदूवर एकवटतो आणि ती तिथे वाकते. पाटे बदलताना यू-बोल्ट नवेच वापरा, आणि ५०० ते १००० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

स्नॉर्केल (इंजिनसाठी उंचावरून हवा घेणारी नळी) बसवला म्हणून गाडी जलचर होत नाही. तो इंजिनला पाणी पिण्यापासून वाचवतो. अल्टरनेटर, वायरिंग आणि बेअरिंगं बुडतातच. ओढा आधी काठीने चाचपून पायी ओलांडा. चालत जाणं धोक्याचं वाटलं, तर गाडीही घालायची नाही.

पहिली चाचणी

सगळे महत्त्वाचे बोल्ट आवळल्यावर नट आणि पट्टी यांच्यावर रंगाच्या पेनने एकच आडवी रेघ मारा. मग घरापासून जवळच्याच कच्च्या रस्त्यावर एक मुक्काम करून या. परतल्यावर गाडीखाली शिरून रेघा बघा. जिथे रेघ तुटली तिथला नट फिरलाय. तो उघडा, आट्यांवर लॉकचं द्रव लावा आणि पुन्हा आवळा. टायरच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या होजवर आणि वायरच्या नळीवर घासल्याच्या चकाकत्या खुणा शोधा. चेसिसच्या खोबणीतला चिखल पाण्याच्या दाबाने धुऊन काढा, कारण ओला चिखल तिथे साठला की गंज आतून सुरू होतो. ओढ्यात उतरला असाल तर डिफरन्शियलचा वरचा प्लग उघडून ऑइलचा रंग पाहा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. मुक्कामात हात न लागलेल्या वस्तू वेगळ्या काढा, तोला आणि वहीतून त्यांचं वजन वजा करा.